गोलकीपर कितीला गेला ते छापता, त्याच्या कॉन्ट्रॅक्टात काय होतं तेही छापा

आदरणीय संपादक साहेब,

सप्रेम नमस्कार.

ट्रान्सफर विंडो, म्हणजे क्लबांनी खेळाडू घ्यायची-द्यायची मुदत, उघडली की आपल्या क्रीडापानावर फुटबॉलला जरा जागा मिळते, ते बघून बरं वाटतं, कारण एरवी क्रिकेटमधून उरलं तरच बाकीच्यांचा नंबर लागतो. पण त्या बातम्या वाचताना दर वेळी एकच गोष्ट खटकते. अमुक गोलकीपर तमुक क्लबकडे, इतके कोटी, खाली ग्लोव्हज घातलेला फोटो, संपलं. त्याच्या कॉन्ट्रॅक्टची किती वर्षं शिल्लक होती, पैसे एकरकमी की अटींवर, कायमचा विकलाय की लोनवर म्हणजे काही काळापुरता उसना दिलाय, रिलीज क्लॉज, म्हणजे इतके पैसे भरले की खेळाडू मोकळा अशी अट, होता का, यातलं काही म्हणजे काही नसतं, आणि खरी बातमी तर तिथंच असते. मी कोथरूडला राहतो, तरुणपणी पुण्याच्या लीगमध्ये गोलपोस्टखाली उभा राहिलोय, आता नोकरी सांभाळून शनिवार-रविवार मुलांना कीपिंग शिकवतो, म्हणून मुद्दाम गोलकीपरांबद्दलच लिहितोय. पत्र लांबणार आहे, पण विषय आपल्या पुण्यातल्या पोरांपर्यंत येऊन पोचतो म्हणून शेवटपर्यंत वाचा ही विनंती.

इटलीचा गोलकीपर डोनारुम्मा याचंच बघा. २०२१ मध्ये इटलीनं युरो ही युरोपातल्या देशांची स्पर्धा जिंकली, हा पठ्ठ्या स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि त्याच उन्हाळ्यात तो मिलान क्लब सोडून पॅरिसच्या क्लबला गेला तेव्हा मिलानच्या हातात एक युरोसुद्धा पडला नाही. का? तर त्याचं कॉन्ट्रॅक्ट जूनअखेर संपलं होतं आणि नव्यावर त्यानं सही केली नव्हती. त्यांच्याच अकॅडमीत वाढलेला पोरगा, सोळाव्या वर्षी ज्याला त्यांनी मोठ्या टीमच्या गोलमध्ये उभं केलं, तो फुकट गेला. मग चार वर्षांनी तीच वेळ पॅरिसवर आली. २०२५ मध्ये पॅरिसनं पहिल्यांदा चॅम्पियन्स लीग ही युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा जिंकली, त्यात याचे सेव्ह किती मोलाचे होते ते मॅच बघणाऱ्यांना माहितीये, पण कॉन्ट्रॅक्ट २०२६ पर्यंतच आणि नवीन अटींवर दोघांचं काही जमेना. ऑगस्टमध्ये क्लबनं लील या फ्रेंच क्लबकडून लुका शेवालिए हा तरुण कीपर साधारण ४ कोटी युरोला आणला आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला डोनारुम्माला साधारण ३ कोटीला मँचेस्टर सिटीला देऊन टाकलं. आता नुसते हे दोन आकडे शेजारी शेजारी छापले तर वाचणारा म्हणणार की शेवालिए जास्त भारी कीपर असला पाहिजे. तसं नाहीये. एकाचं कॉन्ट्रॅक्ट वर्षावर आलेलं, दुसऱ्याची बरीच वर्षं बाकी, किमतीतला फरक मुख्यतः त्यामुळं.

फिफाचा नियम असा की खेळाडूच्या कॉन्ट्रॅक्टचे शेवटचे सहा महिने राहिले की तो दुसऱ्या क्लबशी उघडपणे बोलू शकतो, सही पण करू शकतो, आणि मुदत संपल्यावर जुन्या क्लबला ट्रान्सफर फी न देता जाऊ शकतो. त्यामुळं शेवटचं वर्ष लागलं की क्लबची घालमेल सुरू होते, विकायचं तर आत्ताच, नाहीतर पुढच्या वर्षी हात चोळत बसायचं. २०१८ मध्ये लंडनच्या चेल्सी क्लबनं आपला गोलकीपर कोर्त्वा याला रिअल माद्रिदला सोडलं तेव्हाही त्याचं एकच वर्ष राहिलं होतं. कॉन्ट्रॅक्ट जास्तीत जास्त पाच वर्षांचं असतं, त्या देशाचा कायदा परवानगी देत असेल तरच त्याहून मोठं, आणि खेळाडू १८ वर्षांच्या आतला असेल तर तीनच वर्षांचं. हे तीन वर्षांचं लक्षात ठेवा, पुढे परत लागणार आहे.

कोर्त्वा गेला म्हणून चेल्सीनं केपा अरिझाबलागाला आणलं आणि ती गोष्ट तर कॉन्ट्रॅक्टच्या क्लॉजवर एक अख्खा धडा आहे. जानेवारी २०१८ मध्ये केपा अॅथलेटिक बिल्बाओ या स्पॅनिश क्लबमध्ये होता, त्याचं कॉन्ट्रॅक्ट त्याच उन्हाळ्यात संपणार होतं आणि रिअल माद्रिदवाले २ कोटी युरोला त्याला उचलणार अशा बातम्या होत्या. ते फिसकटलं, आणि बिल्बाओनं त्याच महिन्यात त्याची २०२५ पर्यंतच्या नव्या कॉन्ट्रॅक्टवर सही घेतली आणि त्यात रिलीज क्लॉज टाकला ८ कोटी युरोचा. ऑगस्ट उजाडला, चेल्सीकडे वेळ कमी, बिल्बाओ एक पै कमी करेना, कारण तो क्लब परंपरेनं बास्क प्रांताशी नातं असलेलेच खेळाडू खेळवतो, त्यांना बदली कीपर बाजारातून सहज मिळत नाही, त्यामुळं त्यांना विकायची हौस नसतेच. शेवटी पूर्ण ८ कोटी भरले गेले, आणि गोलकीपरसाठी मोजलेली ती जगातली सगळ्यात मोठी रक्कम ठरली. सात महिन्यांत चौपट, आणि मधे झालं काय तर एक सही.

स्पेनची पद्धत नीट समजून घेण्यासारखी आहे. तिथं १९८५ च्या एका सरकारी हुकुमानुसार खेळाडूला मुदतीआधी कॉन्ट्रॅक्ट मोडायचा हक्क आहे, फक्त भरपाई द्यायची, आणि ती किती ते आधीच कॉन्ट्रॅक्टात लिहून ठेवतात. म्हणून तिथं जवळपास प्रत्येक खेळाडूच्या नावापुढं एक आकडा असतो. कागदोपत्री हे पैसे खेळाडू स्वतः तिथल्या लीगकडे, म्हणजे 'ला लीगा'कडे, जमा करतो आणि मोकळा होतो, नवा क्लब त्याला ते पुरवतो. जुन्या क्लबशी वाटाघाटी नाहीत, मिनतवाऱ्या नाहीत. इंग्लंडमध्ये असं नाही, तिथं रिलीज क्लॉज घालायचाच असा कुठला नियम नाही, घातला तर त्याची भाषा काय यावर सगळं अवलंबून. २०१३ मध्ये आर्सेनलनं लिव्हरपूलच्या सुआरेझ या फॉरवर्डसाठी ४ कोटी आणि वर १ पौंड अशी बोली लावली, त्यांना वाटलं ४ कोटीच्या वर बोली गेली की लिव्हरपूलला सोडावंच लागेल, लिव्हरपूल म्हणालं नाही सोडत, आणि नाही सोडलं. एका क्लॉजच्या शब्दरचनेवर एवढी मोठी ट्रान्सफर अडली. आणि केपाचं पुढं काय झालं तेही बघा, चेल्सीत त्याची जागा गेली, मग माद्रिदला लोन, बोर्नमथला लोन, आणि २०२५ मध्ये आर्सेनलनं त्याला ५० लाख पौंडांचा रिलीज क्लॉज भरून घेतलं. माणूस तोच, त्याच्या दोन कॉन्ट्रॅक्टांतले दोन क्लॉज, आणि मधे इतकी तफावत. हे बातमीत यायला नको का?

आकड्यांचंही तसंच, छापलेला आकडा पूर्ण मिळालेला असतोच असं नाही. केपाच्या काही आठवडे आधी आलिसन हा गोलकीपर रोमाकडून लिव्हरपूलला गेला, त्याचे ७.२५ कोटी युरो छापून आले, पण त्यातले १ कोटी अटींवरचे होते, म्हणजे टीमनं अमुक केलं, तमुक जिंकलं तर द्यायचे. बुफॉन २००१ मध्ये पार्माकडून युव्हेंटसला गेला तेव्हाचा गोलकीपरच्या किमतीचा विक्रम १७ वर्षं टिकला आणि मग एका उन्हाळ्यात आधी आलिसननं आणि लगेच केपानं मोडला. सेल-ऑन हा आणखी एक प्रकार, म्हणजे आम्ही आज विकतोय पण उद्या तुम्ही पुढं विकलात तर त्यातले इतके टक्के आमचे. छोट्या क्लबांचा बराचसा संसार त्यावर चालतो. फक्त ते टक्के पूर्ण किमतीवर आहेत की नुसत्या नफ्यावर हे बघायला लागतं, दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

लोनचं मात्र जरा सविस्तर सांगतो कारण गोलकीपरांच्या आयुष्यात लोन फार. डेव्हिड राया २०२३ मध्ये ब्रेंटफर्डहून आर्सेनलला आला तो विकत नाही, लोनवर, ३० लाख पौंड लोन फी आणि पुढं २.७ कोटी देऊन कायमचा घ्यायचा पर्याय. त्याआधी ब्रेंटफर्डनं काय केलं, त्याचं कॉन्ट्रॅक्ट वर्षभराचंच राहिलं होतं ते वाढवून घेतलं, मगच लोनवर सोडला. नाहीतर वर्षभर तो तिकडं खेळला असता आणि कॉन्ट्रॅक्ट संपवून फुकट निघून गेला असता. ब्रेंटफर्डसारख्या मोजूनमापून चालणाऱ्या क्लबनं सोडण्याआधी कागद पक्का केला, आणि २०२४ च्या उन्हाळ्यात पैसे वसूल केले. प्रीमियर लीगचा नियम आहे की लोनवरचा खेळाडू आपल्या मूळ क्लबविरुद्ध खेळू शकत नाही, म्हणून त्या सीझनला ब्रेंटफर्डविरुद्धच्या दोन्ही लीग मॅचला राया बाहेर आणि आर्सेनलचा दुसरा कीपर रॅम्सडेल गोलमध्ये. ज्यानं आदल्या सीझनला सगळ्या लीग मॅच खेळल्या होत्या त्या रॅम्सडेलला मार्चमध्ये त्या नियमामुळं परत पोस्टखाली उभं राहायची संधी आली, इतके दिवस बेंचवर बसलेला कीपर, त्याच्याकडून बॉल मारताना उशीर झाला आणि गोल खाल्ला. सगळ्यांनी त्याला शिव्या घातल्या. मी त्या दिवशी मुलांना एवढंच सांगितलं की रोज न खेळणाऱ्या कीपरचं काय होतं ते नीट बघा.

चॅम्पियन्स लीगला नियम उलटा. २०१४ च्या सेमीफायनलला अॅटलेटिको आणि चेल्सी समोरासमोर आले, कोर्त्वा चेल्सीचा पण लोनवर अॅटलेटिकोत. लोनच्या करारात अशी अट होती की चेल्सीविरुद्ध त्याला खेळवायचं तर अॅटलेटिकोनं जबर रक्कम मोजायची. युएफानं, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेनं, स्पष्ट सांगितलं की एका क्लबनं दुसऱ्या क्लबच्या टीमवर असा प्रभाव टाकायचा नाही, ही अट आमच्या स्पर्धेत रद्दबातल. कोर्त्वा खेळला, माद्रिदला शून्य-शून्य, लंडनला अॅटलेटिकोनं ३-१ मारली. म्हणजे सही झालेली, छापलेली अट सुद्धा वरच्या नियमाविरुद्ध असली तर टिकत नाही. हा मुद्दा मला आपल्या पुण्याच्या पालकांपर्यंत पोचवायचाय.

गोलकीपरला कॉन्ट्रॅक्ट एवढं का महत्त्वाचं? फॉरवर्डला शेवटची दहा मिनिटं मिळतात, मिडफिल्डरला तीन जागांवर खेळवता येतं, पण गोलमध्ये एकच उभा राहतो आणि त्याला दुखापत किंवा रेड कार्ड झाल्याशिवाय कोणी सहसा काढत नाही. दुसरा कीपर कितीही चांगला असो, तो वॉर्मअपला शॉट घेणार आणि जाकीट घालून बसणार. तरुण कीपरची अशी दोन वर्षं गेली तर ती भरून निघत नाहीत. फिफाच्या नियमात अशी सोय आहे की नावारूपाला आलेला प्रोफेशनल खेळाडू सीझनमधल्या १० टक्क्यांपेक्षा कमी अधिकृत मॅचमध्ये खेळला असेल तर त्याला त्या कारणानं कॉन्ट्रॅक्ट मोडता येतं, सीझनच्या शेवटच्या मॅचपासून १५ दिवसांच्या आत, अर्थात त्याची परिस्थिती काय होती ते बघितलं जातं. दोन महिन्यांचा पगार थकला तर लेखी कळवून १५ दिवस वाट बघायची, तरी नाही दिला तर खेळाडू मोकळा. हे नियम आपल्याकडच्या किती खेळाडूंना माहिती आहेत? आपल्या देशात २०२५ मध्ये आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीगच वेळेवर सुरू झाली नाही आणि काही क्लबांनी पगार थांबवले, त्या वेळी प्रत्येक खेळाडूच्या घरी हा नियम वर्तमानपत्रातून पोचायला हवा होता.

आता पुण्याकडे येतो. आपल्या शहरातून गोलकीपर गेले नाहीत असं नाही. अमरिंदर सिंग पुणे एफसीतून वर आला आणि पुढं भारताकडून खेळला. विशाल कैथ एफसी पुणे सिटीच्या गोलमध्ये बालेवाडीला खेळला, पुढं चेन्नईयिन आणि २०२२ मध्ये मोहन बागान, तिथं गोल्डन ग्लोव्ह हे लीगमधल्या सर्वोत्तम गोलकीपरचं बक्षीस मिळवलं. कमलजित सिंग पण पुणे सिटीतलाच. पण ज्या क्लबांनी यांना खेळवलं ते क्लब आहेत कुठं? पुणे एफसी २००७ ला सुरू झाला, आय-लीगमध्ये नाव कमावलं, अकॅडमी तर देशात गाजलेली, आणि २०१५ ला बंद. एफसी पुणे सिटी २०१४ ला आला, २०१९ ला गाशा गुंडाळला आणि ती जागा हैदराबादला गेली. बालेवाडीच्या स्टँडमध्ये बसून घसा फोडलेल्या माझ्यासारख्यांना त्याचं दुःख आजही आहे. मोठे क्लब गेले आणि राहिल्या त्या फी घेऊन चालणाऱ्या अकॅडम्या. त्यातल्या बऱ्याच प्रामाणिक आहेत, कोच जीव ओतून शिकवतात, हे आधी सांगतो. पण कागद मात्र भयंकर असतात.

माझ्याकडं येणाऱ्या एका मुलाचा कागद मी स्वतः पाहिलाय. मुलगा १५ वर्षांचा, उंच, हात लांब, क्रॉसला बाहेर यायला घाबरत नाही, या वयात हे फार क्वचित दिसतं. वडील कारखान्यात शिफ्टला जातात. ते शनिवारी ग्राउंडवर फाइल घेऊन आले, आत पाचशेच्या स्टँप पेपरला जोडलेली इंग्रजी पानं, प्रत्येक पानाच्या खाली त्यांची मराठीत सही. पाचव्या पानावर लिहिलेलं की मुलगा पाच वर्षं अकॅडमी सोडणार नाही, सोडली तर उरलेल्या सगळ्या वर्षांची फी एकदम भरायची. त्याच्या खाली एक ओळ, एनओसी देणं न देणं हे पूर्णपणे व्यवस्थापनाच्या मर्जीवर. त्याच्याही खाली, भविष्यात मुलाला कुठल्याही क्लबकडून पैसे मिळाले तर त्यातला वाटा अकॅडमीचा, किती वर्षं ते लिहिलेलंच नाही. मी बोट ठेवून एकेक ओळ मराठीत सांगत गेलो आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. ते म्हणाले, "सर, ते म्हणले अॅडमिशन फॉर्म आहे, फोटो चिकटवा आन सह्या करा." पुण्यात माणूस ११ महिन्यांसाठी फ्लॅट भाड्यानं घेताना लिव्ह अँड लायसन्सची ओळ न् ओळ वाचतो, एजंटला चार प्रश्न विचारतो, आणि इथं पोराच्या पाच वर्षांचा कागद कोणी वाचूनसुद्धा दाखवला नाही.

पुढं व्हायचं तेच झालं. मुलाला दुसऱ्या शहरातल्या एका क्लबच्या ट्रायलमध्ये निवडलं, यांनी एनओसी मागितली, अकॅडमी म्हणाली आधी पैसे भरा. देशाच्या फुटबॉल फेडरेशनच्या ऑनलाइन रजिस्ट्रेशनमध्ये, ज्याला सगळे सीआरएस म्हणतात, त्यात जुन्या ठिकाणाहून रिलीज झाल्याशिवाय पुढं काही सरकेना, फोन उचलायचे नाहीत, आज या उद्या या, आणि रजिस्ट्रेशनची तारीख निघून गेली. क्लबनं दुसरा कीपर घेतला. त्यांचाही दोष नाही, त्यांना सीझन खेळायचा होता. पोराचं वर्ष गेलं.

संपादक साहेब, याच प्रकारावरून युरोपात केवढी लढाई झाली होती! जाँ-मार्क बोसमन म्हणून बेल्जियमचा खेळाडू, १९९० मध्ये त्याचं लिएज या क्लबशी असलेलं कॉन्ट्रॅक्ट संपलं, त्याला फ्रान्सच्या डंकर्क क्लबकडं जायचं होतं. लिएजला शंका आली की डंकर्क पैसे देणार नाही, म्हणून त्यांनी ट्रान्सफरचं सर्टिफिकेट पुढं पाठवायला सांगितलंच नाही आणि ट्रान्सफर पडली. कॉन्ट्रॅक्ट संपलेला माणूस, तरी कागद जुन्या मालकाकडे. तो कोर्टात गेला, पाच वर्षं लढला, त्याचं स्वतःचं करिअर त्यात संपलं, आणि १५ डिसेंबर १९९५ ला युरोपच्या कोर्टानं निकाल दिला की कॉन्ट्रॅक्ट संपल्यावर दुसऱ्या देशात जाताना असे पैसे मागता येणार नाहीत. आज डोनारुम्मा मिलानमधून फी शिवाय पॅरिसला जाऊ शकला तो त्या माणसामुळं. आणि आपल्याकडे ज्यांना पगारच नाही, उलट जे फी भरतात अशा पोरांना २०२० नंतरही त्याच पद्धतीनं अडकवून ठेवलं जातंय. फिफाच्या व्याख्येत लेखी कॉन्ट्रॅक्ट आणि खर्चापेक्षा जास्त मोबदला, दोन्ही असेल तो प्रोफेशनल, बाकी सगळे अमॅच्युअर. पैसे भरून शिकणारा मुलगा अमॅच्युअर, त्याला पाच वर्षं बांधून ठेवायचा अधिकार कुठून आला? प्रोफेशनल खेळाडूलाच १८ च्या आत तीन वर्षांच्या वर बांधता येत नाही!

आणि आपला कायदा तरी काय म्हणतो. भारतीय करार कायदा १८७२ चा, त्याच्या कलम ११ प्रमाणं सज्ञान नसलेल्यानं केलेला करार करारच नाही, १९०३ मध्ये प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या सगळ्यात वरच्या कोर्टानं, मोहोरी बीबीच्या केसमध्ये तसा करार मुळातच शून्य आहे असं सांगितलं. त्याच कायद्याच्या कलम २७ प्रमाणं कोणाला कायदेशीर धंदा-व्यवसाय करण्यापासून अडवणारा करार तेवढ्यापुरता रद्द. पालकांची सही असते म्हणून प्रत्येक केस वकिलाला दाखवायला लागेल, मी वकील नाही. पण कागदावर छापलंय म्हणजे ते लागू होतंच असं समजून घाबरून बसू नका, कोर्त्वाच्या वेळी दोन एवढ्या मोठ्या क्लबांनी सही केलेली अट टिकली नाही.

अकॅडमीवाल्यांचीही बाजू आहे, ती सांगितली नाही तर हे पत्र एकतर्फी होईल. ते म्हणतात आम्ही चार वर्षं घाम गाळायचा आणि मोठा क्लब येऊन आयता उचलून नेणार. रास्त आहे. पण त्यासाठी फिफानं रस्ता आखून दिलाय, तो पकडायला हवा. खेळाडू मुदतीच्या आत विकला गेला, आणि ट्रान्सफर एका देशातून दुसऱ्या देशात असेल, तर फीच्या ५ टक्के रक्कम त्याला १२ ते २३ वयात ज्या ज्या क्लबनं घडवलं त्यांच्यात वाटली जाते. १२ ते १५ या वयातल्या प्रत्येक वर्षाला ०.२५ टक्के, १६ ते २३ मधल्या प्रत्येक वर्षाला ०.५ टक्के. समजा मुलगा १३ ते १७ पुण्यातल्या एका क्लबकडे होता, तर पहिल्या तीन वर्षांचे ०.७५ आणि पुढच्या दोनचा १, म्हणजे १.७५ टक्के. तो पुढं कधी १० लाख युरोला विकला गेला तर पुण्याच्या क्लबला १७,५०० युरो, म्हणजे पंधरा लाख रुपयांच्या वर. शिवाय २३ पर्यंतच्या खेळाडूसाठी ट्रेनिंग कॉम्पेन्सेशन, म्हणजे शिकवल्याची भरपाई, वेगळं. या वाटपासाठी फिफाचं क्लिअरिंग हाऊस २०२२ पासून पॅरिसमध्ये सुरू आहे आणि ते खेळाडूच्या पासपोर्टवरून, म्हणजे तो कुठल्या वर्षी कुठं रजिस्टर होता त्या नोंदीवरून चालतं. क्लब बंद पडला किंवा सापडला नाही तर तो वाटा त्या देशाच्या फेडरेशनकडे जातो, मुलांच्या फुटबॉलवर खर्च करायला. इथं पुण्याची अडचण दुहेरी आहे, एक तर आपले मोठे क्लब बंद पडलेत, आणि दुसरं म्हणजे अकॅडमी असोसिएशनशी संलग्नच नसेल, मुलाची नोंदच केली नसेल, तर तिनं घेतलेली मेहनत त्या पासपोर्टमध्ये दिसणारच नाही. घरी फाइलमध्ये पाचशेचा स्टँप पेपर ठेवून उपयोग शून्य. तोच वेळ मुलांची नोंदणी करायला लावला तर उद्या हक्कानं पैसे येतील आणि एकाही पोराचं वर्ष अडवायला लागणार नाही.

कागद नीट नसला की मोठ्यांचंही काय होतं ते २०२४ मध्ये दिसलं. अन्वर अली, गोलकीपर नाही डिफेंडर, दिल्ली एफसीकडून मोहन बागानला लोनवर असताना ते कॉन्ट्रॅक्ट मोडून ईस्ट बंगालला गेला. फेडरेशनच्या समितीनं त्याला चार महिन्यांची बंदी आणि तो, ईस्ट बंगाल आणि दिल्ली एफसी या तिघांना मिळून १२.९० कोटींची भरपाई ठरवली, प्रकरण दिल्ली हायकोर्टात गेलं, तो आदेश मागे घ्यावा लागला, परत सुनावणी. कोलकात्याच्या पेपरांत त्या कॉन्ट्रॅक्टातल्या क्लॉजवर रोज चर्चा होत होती, पानवाल्यापर्यंत सगळ्यांना लोन म्हणजे काय ते पाठ. आपल्याकडं दोन इंच बातमी. कोल्हापूरला शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहारची मॅच असली की गाव लोटतं, पुण्यात पिंपरीपासून कॅम्पपर्यंत संध्याकाळी टर्फ रिकामं मिळत नाही, वाचणारे लोक आहेत हो, द्यायला कोणीतरी पाहिजे.

तर माझं मागणं असं. पुढच्या विंडोला जी बातमी छापाल तिच्यात एक वाक्य वाढवा, कॉन्ट्रॅक्टची किती वर्षं बाकी होती आणि पैसे पक्के किती, अटींवरचे किती. लोन असेल तर पुढं विकत घ्यायचा नुसता पर्याय आहे की बंधन आहे ते लिहा. आणि सीझनची रजिस्ट्रेशन सुरू व्हायच्या आधी एक रविवार पानभर मराठीत लिहा की अकॅडमीच्या कागदावर सही करताना पालकांनी काय बघायचं, मुदत किती, सोडताना किती पैसे, एनओसी किती दिवसांत आणि ती नाकारायची कारणं कोणती, मुलाची सीआरएसला नोंद झाली का आणि कुठल्या नावानं. खेळाडूंच्या केसेस चालवणाऱ्या एखाद्या वकिलांना विचारून लिहा, पुणे जिल्हा फुटबॉल असोसिएशनला आणि विफाला, म्हणजे राज्याच्या फुटबॉल संघटनेला, थेट प्रश्न विचारा की अकॅडम्यांसाठी मराठीत एक साधा नमुना फॉर्म तुम्ही का काढत नाही, आणि एनओसी अडवली तर पालकानं कोणाकडं जायचं, किती दिवसांत उत्तर मिळणार. त्यांचं उत्तर आलं तर तेही छापा, नाही आलं तर तसं छापा.

पालकांनी माझ्याकडं आणलेल्या अशा कागदांच्या झेरॉक्स माझ्याजवळ आहेत. पालकांची परवानगी घेऊन, मुलांची आणि अकॅडम्यांची नावं खोडून, आपल्या क्रीडा विभागात मी स्वतः आणून देईन. कुठल्याही दिवशी संध्याकाळी साडेसहानंतर मला चालेल, शनिवार-रविवार सकाळ सोडून, तेव्हा मी ग्राउंडवर असतो.

आपला,
एक वाचक आणि गोलकीपिंग कोच
कोथरूड, पुणे